विहीर, ऊन आणि वाहिनी : परभणी जिल्ह्याच्या शेतीतील स्वच्छ ऊर्जेचा आढावा

विकसनशील देशांतील शेतीला स्वच्छ ऊर्जा कशी पुरवावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा जिथे वीज पोहोचलेलीच नाही अशा प्रदेशांना समोर ठेवून होते. आफ्रिकेतील अनेक देशांत छोट्या शेतकऱ्याकडे पंपच नसतो आणि तिथे सौर पंप हा सिंचनाचा आरंभ ठरतो. मराठवाड्याची स्थिती याहून वेगळी आहे. इथे वीज शेतापर्यंत आली त्याला कित्येक दशके झाली. मात्र ती अपुऱ्या दाबाने, अवेळी आणि मुख्यतः कोळसा जाळून येत राहिली, तिचे बिल थकत राहिले आणि ती पुरवणारी कंपनी तोट्यात जात राहिली. म्हणून परभणीसारख्या जिल्ह्यात स्वच्छ ऊर्जेचा, म्हणजे कोळसा व डिझेल न जाळता ऊन, पाणी, वारा किंवा शेतातील काडीकचरा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा विचार हा आधीपासून उभ्या असलेल्या व्यवस्थेच्या दुरुस्तीचा विचार आहे, आणि ही दुरुस्ती कोऱ्या जागेवरच्या उभारणीपेक्षा पुष्कळ अवघड असते.

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांचा हा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. दक्षिणेकडून गोदावरी वाहते, तिला पूर्णा व दुधना या नद्यांचे पाणी मिळते. उत्तरेला जिंतूरचा आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमचा डोंगरपट्टा आहे. जायकवाडीचा डावा कालवा, पूर्णा प्रकल्प, निम्न दुधना प्रकल्प आणि गोदावरीवरील ढालेगाव, मुदगल, डिग्रस यांसारखे बंधारे असूनही जिल्ह्याचा मोठा भाग जिरायतच आहे, आणि बागायत म्हणून जे दिसते त्यातही विहीर व बोअर यांचा वाटा फार मोठा आहे. बेसाल्ट हा कठीण खडक असल्याने त्यात वाळूच्या थरांसारखा विस्तीर्ण जलसाठा राहत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरीला मिळते. चांगल्या पावसाच्या वर्षी हे पाणी हरभरा, गहू, रब्बी ज्वारी यांना तारून नेते, मध्यम वर्षी माघ-फाल्गुनात विहीर तळ गाठते आणि वाईट वर्षी ती दिवाळीनंतरच कोरडी पडू लागते. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या एका गोष्टीशी येऊन भिडते.

ऊर्जेच्या बाबतीत परभणीचे पाणी पूर्वीपासून दोन प्रकारे कामी आले आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी येथे बांधलेल्या धरणाच्या पायथ्याशी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जलविद्युत केंद्र सुरू झाले, प्रत्येकी ७.५ मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॉट ही त्याची क्षमता. स्वच्छ ऊर्जा हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी जिल्ह्यात स्वच्छ वीज तयार होत होती, हे विसरले जाते. सिंचनासाठी सोडलेले पाणीच आधी जनित्र फिरवून पुढे कालव्याकडे जाते, त्यामुळे या विजेला वेगळे पाणी लागत नाही. पण धरण भरले नाही तर ही वीजही नसते. दुसरा संबंध शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्राचा. कोळशाच्या केंद्राला वाफ थंड करण्यासाठी अखंड पाणी लागते आणि परळीला खडका बंधाऱ्याबरोबरच पाथरी तालुक्यातील मुदगल बंधाऱ्याच्या पाण्याचाही आधार होता. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. मराठवाड्यात कोळशाच्या विजेवरचा आक्षेप केवळ धुराचा आणि कार्बनचा नाही. ज्या नदीच्या पाण्यावर पिके आणि गावे तहान भागवतात, त्याच नदीचा काही हिस्सा ही वीज पिते, आणि दुष्काळात सर्वांत आधी तीच बंद पडते. सौर पॅनेलला धुण्यापुरतेच पाणी लागते. अवर्षणाच्या प्रदेशात हा गुण कार्बनबचतीइतकाच मोलाचा मानायला हवा.

शेतीच्या विजेची खरी दुखरी जागा मात्र निर्मितीत नसून वितरणात आहे. १९७० च्या दशकापासून देशातील अनेक राज्यांनी शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली आणि नंतर दर खाली ठेवले; वीज किती वापरली जाते हे नेमके मोजले जाईना आणि तोटा उद्योगांच्या वाढीव दरातून भरून काढला जाऊ लागला. वीजकंपनीला शेतीचा ग्राहक म्हणजे ओझे वाटू लागला आणि मागणी कमी असते अशा वेळी, म्हणजे रात्री, त्याला वीज देण्याची पद्धत पडली. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री अशा पाळीने मिळणाऱ्या आठ तासांच्या थ्री फेज विजेसाठी शेतकरी थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या भयात दारे धरायला, म्हणजे वाफ्यातून वाफ्यात पाणी वळवायला उभा राहतो. कमी दाबाने मोटारीचे वाइंडिंग जळते, एका रोहित्रावर, म्हणजे डीपीवर, क्षमतेपेक्षा जास्त मोटारी लागल्या की ती जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत ऐन ओंबीत आलेला गहू वाळतो. लाईट कधी येईल याचा भरवसा नसल्याने मोटारीला स्वयंचलित स्टार्टर लावून ठेवला जातो, त्यामुळे वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात, रोहित्रावरचा भार एकाएकी वाढतो आणि रात्री झोपेत पाणी वाहून वायाही जाते. या सगळ्यात शेतकऱ्याला हवी असलेली गोष्ट अगदी साधी आहे : दिवसा, ठरल्या वेळी, पुरेशा दाबाने वीज. ती वीज सूर्याची असावी असा त्याचा हट्ट नाही. पण दिवसा वीज द्यायची तर सूर्य हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो, हे गेल्या दशकात सौर पॅनेलच्या किमती कोसळल्यानंतर स्पष्ट झाले.

हा मार्ग महाराष्ट्रात दोन फाट्यांनी गेला. पहिला फाटा शेतकऱ्याच्या बांधावरच्या स्वतंत्र सौर पंपाचा. २०१९ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'पीएम-कुसुम' योजनेचे तीन घटक आहेत : पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचे छोटे प्रकल्प, वीजजाळ्याशी न जोडलेले स्वतंत्र पंप आणि आधीच जोडलेल्या पंपांचे किंवा त्यांच्या वाहिन्यांचे, म्हणजे उपकेंद्रातून त्यांना वीज आणणाऱ्या तारांचे, सौरीकरण. त्यातील दुसऱ्या घटकाला जोडून राज्याने २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आणली. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. जिथे नवी वीजजोडणी देण्यासाठी डोंगरातून खांब आणि तार ओढत न्यावी लागली असती, त्या जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ही योजना मोठा दिलासा आहे, कारण त्याच्या शेताला रोहित्राचा, वाहिनीचा आणि लाईनमनचा शेजार लाभण्याची शक्यता फारशी नव्हती.

तथापि स्वतंत्र पंपाच्या हिशेबात ऋतूचा मुद्दा पुरेसा धरला जात नाही. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनेल लागते आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते वीसेक युनिट वीज देऊ शकते. जिरायत-बागायत मिश्र शेतीत या विजेची गरज प्रामुख्याने कार्तिक ते माघ या चार महिन्यांत, रब्बीला पाणी देण्यासाठी असते. भाद्रपदात पावसाचा खंड पडला तर सोयाबीनला किंवा कपाशीला एखादे संरक्षित पाणी द्यावे लागते, एवढेच. चैत्र-वैशाखात ऊन सर्वांत प्रखर असते, पण तेव्हा विहीर कोरडी असते. शिवाय पॅनेल जसजसे तापते तसतशी त्याची कार्यक्षमता दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटत जाते, आणि परभणीचा उन्हाळा ४२ अंशांपलीकडे सहज जातो. पावसाळ्यात पाणी असते, पण गरज नसते आणि ढगही असतात. या हिशेबाने पॅनेलच्या वार्षिक क्षमतेचा अर्ध्याहून अधिक भाग वापराविना जातो. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली एवढी यंत्रणा वर्षातला मोठा काळ नुसती उन्हात उभी असते, ही बाब गंभीरपणे घेतली गेली पाहिजे.

यावर दोन उपाय सुचवले आणि काही प्रमाणात आजमावले गेले आहेत. एक म्हणजे सर्वोपयोगी नियंत्रक. पंप बंद असताना पॅनेलची वीज पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, छोटे शीतगृह किंवा बॅटरी यांना देणारे हे उपकरण कुसुम योजनेत मान्य आहे, परंतु अनुदानित पंपांसोबत ते अजून सर्रास दिसत नाही. दुसरा उपाय गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावातून आला. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या प्रोत्साहनाने तिथे २०१६ मध्ये सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि उरलेली वीज ती वीजकंपनीला विकू लागली. तुषार शाह यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलेला यामागचा विचार मराठवाड्याला विशेष लागू पडतो : वीज विकून पैसे मिळत असतील, तर शेतकरी अनावश्यक उपसा करण्यापूर्वी विचार करील आणि ऊन हेच एक नगदी पीक होईल. मात्र त्यासाठी पंप जाळ्याशी जोडलेला हवा आणि कंपनीने वेळेवर पैसे द्यायला हवेत. परभणीतले स्वतंत्र पंप आज पहिलीच अट पूर्ण करत नाहीत.

दुसरा फाटा संपूर्ण वाहिनीच्या सौरीकरणाचा. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने ही कल्पना सातत्याने मांडली आणि २०१७ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' या नावाने ती राज्याने स्वीकारली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही सुरुवातीची ठिकाणे. विचार असा की प्रत्येक बांधावर वेगळे पॅनेल न बसवता, गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी आधी वेगळ्या कराव्यात, मग शेतीच्या वाहिनीला वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा आणि त्याची वीज दिवसा थेट त्या वाहिनीत सोडावी. शेतकऱ्याला काहीही बदलावे लागत नाही; त्याची जुनी मोटार, जुना स्टार्टर तोच राहतो, फक्त वीज दिवसा येते. पंप बंद असतील तेव्हा ती वीज जाळ्यातून इतरत्र जाते, म्हणून चैत्रातले ऊन वाया जात नाही. ढग आले तर जाळ्यातून वीज घेता येते. अशी वीज सुमारे ३ रुपये युनिट दराने मिळते, तर दूरच्या कोळसा केंद्रातून वाहिन्यांतील गळती सोसत शेतापर्यंत आणलेली वीज यापेक्षा कितीतरी महाग पडते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्यातील पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे, २०२४ मध्ये कार्यान्वित झाला.

दोन्ही फाट्यांची तुलना केली तर पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा आणि परभणी या सपाट, दाट मोटारींच्या आणि कालव्याच्या लाभक्षेत्रातील तालुक्यांसाठी वाहिनीचे सौरीकरण निःसंशय श्रेयस्कर आहे. कालव्याच्या पाझराने तिथल्या विहिरींना उन्हाळ्यातही काही पाणी असते आणि नदीकाठच्या उपसा पंपांचा भार मोठा असतो. स्वतंत्र पंप डोंगरपट्ट्यातील एकाकी विहिरींसाठी राखून ठेवावेत. प्रत्यक्षात मात्र 'मागेल त्याला' या तत्त्वामुळे सौर पंप कुठे योग्य आणि कुठे अनावश्यक हा विवेक मागे पडतो, आणि ज्या शिवारात वाहिनी जाते तिथेही पॅनेल बसतात. नियोजनाचा घटक अर्जदार न मानता वाहिनी मानली असती, तर हाच पैसा अधिक दूरवर पोहोचला असता.

सौर सिंचनावरचा सर्वांत मोठा जागतिक आक्षेप भूजलाचा आहे. एकदा पॅनेल बसले की पुढच्या प्रत्येक तासाची वीज फुकट असते, म्हणून उपसा थांबवण्याचे आर्थिक कारण उरत नाही. येमेनमध्ये आणि पाकिस्तानच्या पंजाबात हीच चिंता व्यक्त झाली आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ च्या आपल्या अहवालात तिच्याकडे लक्ष वेधले. परभणीच्या संदर्भात या आक्षेपाला दोन मर्यादा आहेत. 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने'नुसार साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात जाळ्यातली वीजही मोफत आहे, म्हणजे शून्य किंमत ही सौर पंपाने आणलेली नवी गोष्ट नाही. आणि बेसाल्टची उथळ विहीर दरवर्षी रिकामी होते व दरवर्षी पावसाने भरते. पंजाबातल्या गाळाच्या खोल थरांप्रमाणे दशकानुदशके साठलेले पाणी तिथे उपसायला नसतेच. परंतु ही दुसरी मर्यादा खोल बोअरला लागू होत नाही. विहीर आटली की बोअर, बोअर आटला की आणखी खोल बोअर, ही शर्यत मराठवाड्यात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने ६० मीटरपेक्षा खोल सिंचन विहिरींवर घातलेले बंधन गावपातळीवर फारसे पाळले जात नाही. दिवसभर चालणारा पंप या शर्यतीला वेग देईल. म्हणूनच सौर पंपाबरोबर ठिबक किंवा तुषार संच आणि शेततळे यांची सक्ती नसली तरी पक्की सांगड हवी. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पाण्याच्या ताळेबंदावर गावाचे नियोजन करण्याची पद्धत दाखवली आहे. ऊर्जेचे नियोजन त्याच ताळेबंदाला जोडले जात नाही, ही खरी उणीव आहे.

पंपाच्या चर्चेने शेतीतील ऊर्जेचा दुसरा मोठा भाग, उष्णता, झाकला जातो. पूर्वी परभणीतच असलेल्या आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या वसमत परिसराबरोबरच जिंतूर-पूर्णा भागातही हळदीचे पीक पसरले आहे. काढणीनंतर हळकुंडे वाफेवर शिजवावी लागतात आणि या कुकरखाली आजही मुख्यतः लाकूड जळते. नंतर ती दोन आठवडे उन्हात वाळवावी लागतात, म्हणजे अवकाळी पावसाची टांगती भीती. हे काम ज्या महिन्यांत येते, त्या महिन्यांत ऊन कडक असते आणि सौर पंप रिकामे असतात. मराठवाड्यात महिलांनी चालवलेल्या सौर वाळवणी यंत्रांचा प्रयोग छत्रपती संभाजीनगर परिसरात काम करणाऱ्या 'एस फोर एस' या उद्योगाने यशस्वी केला आणि त्याला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तेच तंत्र हळदीला लावणे अशक्य नाही.

हळद शिजवायला लागणारे इंधनही याच जिल्ह्यात पडून असते. कापसाच्या वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाटीचा काही भाग चुलीत जातो, बराचसा बांधावर रचला जातो किंवा शेतातच पेटवला जातो. रचलेल्या पऱ्हाटीत आणि लांबवलेल्या फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी बोंडे मिळतील या आशेने उभ्या ठेवलेल्या कपाशीत, गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणून कृषी विभाग दरवर्षी फरदड न घेण्याचे आणि पऱ्हाटी लवकर काढण्याचे आवाहन करतो. शेतकऱ्याला मात्र पऱ्हाटी काढण्याची मजुरीच अंगावर पडते. तिचा भुगा करून दाबलेल्या कांड्या तयार केल्या, तर बोंडअळीचा आसरा मोडेल, हळदीच्या कुकरला इंधन मिळेल आणि उरलेला माल औष्णिक केंद्रांनाही विकता येईल, कारण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या धोरणानुसार या केंद्रांना कोळशात ठरावीक टक्के जैव इंधन मिसळणे बंधनकारक आहे. कीड, इंधन आणि रोजगार हे तिन्ही प्रश्न एकाच काडीत गुंतलेले असताना सगळे लक्ष आणि अनुदान पंपाकडे जावे, हे जिल्ह्याच्या हिताचे नाही.

उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या सहवीजनिर्मितीबाबत मात्र अधिक सावध राहायला हवे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पूर्णा भागातील साखर कारखानदारीमुळे चिपाड, म्हणजे रस काढल्यानंतरचा उसाचा चोथा, जाळून वाफ आणि वीज दोन्ही मिळतात, आणि कार्बनच्या हिशेबात ही वीज स्वच्छ आहे. पण जिल्ह्यातील इतर कोणत्याही पिकाहून जास्त पाणी पिणाऱ्या पिकातून ती येते. कार्बन मोजणारा आणि पाणी न मोजणारा हिशेब मराठवाड्यात अपुराच राहील.

१९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतीतील ऊर्जेच्या प्रश्नाच्या एका दुर्लक्षित अंगाकडे सातत्याने पाहत आले आहे. 'पशुशक्तीचा योग्य वापर' या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या तिथल्या केंद्राने बैलचलित अवजारांवर काम केले आणि बैलाने ओढायच्या फवारणी यंत्राला सौर पॅनेलची जोड दिली. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आणि एक बैलजोडी आहे त्याला ट्रॅक्टरच्या डिझेलपासून मुक्त ठेवणारी ही वाट आहे, जरी चाऱ्याच्या महागाईने बैल झपाट्याने कमी होत असले तरी. परभणीतच जर्मनीच्या 'जीआयझेड' या सहकार्य संस्थेच्या सहभागाने शेती-सौर पद्धतीचाही प्रयोग सुरू झाला; उंच बसवलेल्या किंवा अंतर सोडून मांडलेल्या पॅनेलखाली पीक घेऊन एकाच जमिनीतून वीज आणि धान्य दोन्ही मिळवण्याची ही पद्धत. जर्मनीत ती १९८० च्या दशकाच्या आरंभी सुचवली गेली आणि भारतात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने तिच्यावर काम केले आहे. काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत खांबांचा पाया कसा टिकवायचा आणि पॅनेलच्या सावलीत कोणते पीक तग धरते, ही उत्तरे परभणीतच शोधावी लागतील.

पॅनेलखालची जमीन कोणाची, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. एक मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. वाहिनी योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, जे जिरायत शेतीच्या मानाने भरवशाचे उत्पन्न आहे. शासकीय जमीन मात्र बहुधा गायरान असते. मराठवाड्यात गायरान म्हणजे कागदावर गुरांची चराई आणि प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी भूमिहीन दलित व भटक्या कुटुंबांची पिढीजात कसवणूक. दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून या हक्काचा लढा चालू आहे, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी असंख्य कुटुंबांच्या नावे सातबारा झालेला नाही. सातबारा नसलेल्या शेतकऱ्याला सौर पंपाचा अर्ज करता येत नाही, आणि तो कसत असलेली जमीन मोकळी समजून प्रकल्पाला दिली जाऊ शकते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहतो तिला तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण जमीन गमावणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्यातले काही थेट पडत नाही. अशा जागांची मोजणी, कसणाऱ्यांच्या हक्कांचा निवाडा आणि पर्यायी जमीन किंवा प्रकल्पातील भाडेहिस्सा ही कामे पॅनेलचे खांब रोवण्याआधी व्हायला हवीत, कारण हे करार साधारण २५ वर्षांचे असतात आणि एकदा कुंपण पडले की त्या जमिनीवरचा दावा एका पिढीसाठी बाहेर राहतो.